पट्टी उलटून बघितली का?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुस्तकांचं कपाट स्वतः करायला घेतलं. आठ बाय चारच्या, १८ मिमी जाडीच्या प्लायवूडच्या शीट आणल्या, मित्राची सर्क्युलर सॉ मागून घेतली आणि पेन्सिलच्या रेघेवरून पहिला काप मारला. रेघ सरळ होती. काप नागमोडी आला.

मग तीन रात्री व्हिडिओ बघण्यात गेल्या. जिगसॉचं पातं बारीक असतं, जाड प्लायमध्ये ते खालून वाकतं. गोलाई कापायला ती उत्तम, लांब सरळ कापाला नाही. हातकरवतीने आठ फूट रेघ धरायला वर्षानुवर्षांचा सराव लागतो. ट्रॅक सॉ रुळावरूनच चालते, पण एका कपाटासाठी तेवढा खर्च मला झेपणारा नव्हता. उरला स्वस्तातला उपाय: साधी सर्क्युलर सॉ आणि शीटवर क्लॅम्पने आवळलेली एक लांब पट्टी. पात्यापासून सॉच्या बुडाच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं, रेघेपासून तेवढ्या अंतरावर पट्टी लावायची आणि बूड तिला टेकवून सॉ ढकलत न्यायची. पातं स्वतः दोन-तीन मिमी लाकूड खातं, ते टाकाऊ बाजूचं खाल्लं जाईल असं बघायचं. चांगली बाजू खाली ठेवायची, कारण दाते खालून वर येताना वरच्या बाजूचे टवके उडवतात.

मला हा प्रकार फार आवडला. काप कुठून जाणार हे मशीन सुरू होण्याआधी, डोकं शांत असताना ठरतं. एकदा पातं फिरायला लागलं की आवाज आणि भुसा यांत रेघही दिसत नाही. नियम असतात ते यासाठीच, असं मला वाटलं. माझ्यासारख्या कच्च्या हाताच्या माणसालाही ते नाकासमोर चालवतात.

प्लायचीच एक लांब पट्टी घेऊन मी कापत सुटलो. कापलेले दोन तुकडे एकमेकांना इतके चपखल बसत होते की मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. नंतर कपाटाच्या दोन उभ्या फळ्या कडेला कड लावून ठेवल्या. मध्ये टेकल्या आणि दोन्ही टोकांना चांगली फट. वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फटीत टेप धरला.

"सव्वा सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "पट्टी उलटून बघितली का?"

"नाही. पण करवत पट्टीला अजिबात सोडत नव्हती."

"करवतीला काय कळतंय साहेब? ती पट्टीच्या मागं जाते."

त्यांनी पट्टीच्या कडेने एक रेघ मारली. मग वहीचं पान उलटावं तशी पट्टी त्याच कडेवर पलीकडे उलटली, दोन्ही टोकं जुळवली आणि पुन्हा रेघ मारली. कड सरळ असती तर दोन रेघा एक झाल्या असत्या. इथे मधोमध डोळ्यासारखी फट उघडली, ४ मिमीची. पट्टीत बाक २ मिमीचाच होता; उलटल्यावर तो दुप्पट दिसतो. त्याच रेघेवरून मी कितीही वेळा हात फिरवला असता, तरी तो दिसला नसता.

त्या रात्री मला ऑफिसमधले दोन रिपोर्ट आठवले. आमच्याकडे काही बंद पडलं की कारण लिहून ठेवावं लागतं. जूनमध्ये एका ज्युनिअरने लाइव्ह डेटाबेसवर चुकीची स्क्रिप्ट चालवली. मी लिहिलं, 'त्याने रिव्ह्यू न घेता स्क्रिप्ट चालवली.' सप्टेंबरमध्ये मीही तेच केलं. तेव्हा मी लिहिलं, 'प्रक्रियेत त्रुटी राहिली.' वाक्यातून मी नाहीसा झालो. एकही शब्द खोटा नव्हता. नियम तोच होता. फक्त पट्टी उलटून, माझ्या बाजूला ठेवून, मी पाहिली नव्हती.

दोन्ही रिपोर्ट माझ्या सिनिअर मित्राने मंजूर केले होते. त्याला काही खटकलं नाही. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली सपाट पृष्ठभाग घडवण्याची पद्धत मांडली, तिच्यात दोन नव्हे, तीन पत्रे लागतात. दोनच पत्रे एकमेकांवर घासले, तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते अगदी नीट बसतात. तिसरा पत्रा आळीपाळीने दोघांशी जुळवला, की लबाडी उघडी पडते. माझं आणि त्या मित्राचं असंच चपखल बसलं होतं. तिसरा तो ज्युनिअर होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

सगळ्यांना एकच नियम लावला की न्याय झाला, असं मी मानत होतो. पण पट्टीतच बाक असेल, तर ती जितकी इमाने धरावी तितका तो बाक नेमका उतरतो. तो बाक मला दिसत नव्हता, हे खरं. पण उलटून बघणं दोन मिनिटांचं काम होतं, हेही खरं.

सुट्टीनंतर मी सप्टेंबरच्या रिपोर्टमध्ये माझं नाव घातलं, मॅनेजरला मेल केला आणि ज्युनिअरला समोर बसवून सांगितलं. तो "ठीक आहे" म्हणाला. त्याच्या अप्रेझलमध्ये माझं जूनचं वाक्य आधीच गेलं होतं. ते तसंच राहिलं.

मिस्त्रींनी त्यांची अॅल्युमिनियमची पट्टी दिली आणि मी फळ्यांच्या कडा पुन्हा कापल्या. वाकडी कड सरळ करता येते, फळी तेवढी अरुंद होते. ऑफिसात अरुंद झालेली फळी माझी नव्हती.