अंतःकरणाच्या दरवाजावरील पहारा
(वाचन: फिलिप्पैकरांस पत्र ४:४–७)



१८५२ सालीं वाइल्डर साहेबांनीं कोल्हापुरांत सुवार्तेचें काम आरंभिलें, आणि पुढें पन्हाळ्यावरहि मिशनचें ठाणें झालें. त्या गडावर आपणांपैकीं पुष्कळजण जाऊन आले असतील. भक्कम तट, तीन दरवाजा, धान्याचा अंबारखाना, पाण्याची अंधारबाव, सर्व बंदोबस्त तेथें आहे. तरीहि १६६० सालीं सिद्दी जौहरानें वेढा घातला तेव्हां शिवाजी महाराज सुमारें चार महिने तेथें अडकून पडले, आणि शेवटीं भर पावसाळ्याच्या रात्रीं त्यांस बाहेर पडावें लागलें. तट शत्रूला अडवितो. काळजीला अडवीत नाहीं. ती आंतच आपल्याजवळ बसते.

आपल्या घरांसहि वेढे पडतात. उसाचें बिल वेळेवर येत नाहीं, सोसायटीचें कर्ज फिटत नाहीं, मुलगा पुण्यास नोकरी शोधतो व त्याचा फोन येत नाहीं. २०१९ व २०२१ सालचे पूर आपण विसरलों नाहीं. २०२१ च्या जुलैंत तर पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला. अशा दिवसांत अंथरुणाला पाठ लागते, पण डोळा लागत नाहीं.

पौलानें हें पत्र लिहिलें तेव्हां तो बंदिवान होता. फिलिप्पै ही रोमी वसाहत. तेथें सेवेंतून निवृत्त झालेल्या शिपायांस जमिनी देऊन वसविलें होतें. त्या लोकांस समजेल असाच शब्द त्यानें योजिला. देवाची शांति आपलीं अंतःकरणें राखील असें तो म्हणतो, तेथील मूळ ग्रीक शब्द शिबंदी ठेवून पहारा करण्याचा आहे. पाहा, ज्याच्यावर शिपायांचा पहारा, तोच सांगतो कीं खरा पहारा दुसराच आहे! शांतीला आपण राखावयाचें नाहीं. शांति आपणांस राखते.

मग प्रार्थना करूनहि छाती कां धडधडते? कित्येक विश्वासी मनांत म्हणतात कीं आपला विश्वासच खोटा. बंधूंनो, असें म्हणूं नका. गेथशेमाने बागेंत प्रभु स्वतः व्याकुळ झाला. त्यानें शिष्यांस जवळ थांबावयास सांगितलें, आणि तीच प्रार्थना पुनःपुन्हा केली. पहारेकरी उभा आहे याचा अर्थ वेढा उठला असा नव्हे.

अंबारखाना वेढा पडण्यापूर्वीं भरावा लागतो. म्हणून रोजचा थोडा नेम असूं द्या. पहांटे धार काढावयास जाण्यापूर्वीं, फोन हातीं घेण्यापूर्वीं, पांच मिनिटें देवापुढें स्वस्थ बसा. जी चिंता आहे तिचें नांव घेऊन ती त्यास सांगा, आणि कालच्या एका उपकाराबद्दल आभार माना; पौलानें विनंती व आभार एकत्रच सांगितले आहेत. ज्यास वाचतां येत नाहीं त्यानें नातवाकडून एक वचन ऐकावें व भांगलतांना तें मनांत घोळवावें. ज्याच्याशीं बोलणें तुटलें असेल त्याच्याशीं दिवस मावळण्यापूर्वीं समेट करावा (इफिस. ४:२६). अंधारबावीचें पाणी खोल आहे. पायऱ्या उतरल्यावांचून घागर भरत नाहीं.

ग्रामोपदेशक बंधूंनो, अस्वस्थ मनुष्य तुमच्या दारीं आला तर एक वचन सांगून त्याची लगेच बोळवण करूं नका. आधीं त्याजवळ बसा, त्याचें ऐका. त्याची झोंप व भूक दिवसेंदिवस उडाली असेल तर त्यासोबत डॉक्टरांकडे जा. औषध घेणें हा अविश्वास नव्हे, पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्यच होता (कलस्सै. ४:१४).

हे शांतीच्या प्रभो, आमचे वेढे तुला ठाऊक आहेत. ते उठेपर्यंत आमच्या अंतःकरणाच्या दरवाजावर तूं उभा राहा, आणि आम्हांस एकमेकांजवळ बसावयास शिकीव. आमेन.