उताण्या पोहण्याचे विक्रम आणि प्रामाण्याचा प्रश्न

१९२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात बर्म्युडा बेटावर भरलेल्या जलतरणाच्या एका सामन्यात शिकागोच्या सिबिल बाउअर या एकोणीस वर्षांच्या तरुणीने उताणे पोहत ४४० यार्डांचे अंतर ६ मिनिटे २४.८ सेकंदांत पार केले. या अंतराचा पुरुषांचा जागतिक विक्रम तेव्हा हवाईच्या स्टबी क्रूगर यांच्या नावे असून तो ६ मिनिटे २८ सेकंदांचा होता. म्हणजे स्त्रियांनी चारचौघांत पोहावे की नाही याचाच खल ज्या काळी ठिकठिकाणी चालू होता, त्या काळी एका मुलीने पुरुषांच्या विक्रमास तीन सेकंदांहून अधिक मागे टाकले. वेळ घेणारे हजर होते, पाहणारे हजर होते; परंतु त्या सामन्यास नियामक संस्थेची रीतसर मंजुरी नव्हती, आणि एवढ्याच कारणास्तव तो विक्रम दप्तरी दाखल झाला नाही. दोन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी प्रथमच ठेवलेली १०० मीटर बॅकस्ट्रोकची शर्यत सिबिलने १ मिनिट २३.२ सेकंदांत जिंकली, आणि १९२७ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचा अंत झाला. बर्म्युडाच्या पाण्यात जे घडले ते घडले होते काय, आणि घडले असल्यास कोणत्या अर्थाने, हा प्रश्न मला केवळ क्रीडेचा वाटत नाही. आपल्या दर्शनकारांनी शतकानुशतके ज्याच्याशी झुंज घेतली त्या प्रामाण्याच्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

ज्ञान यथार्थ आहे हे ज्ञानातूनच कळते, की त्याच्या यथार्थतेचा निर्वाळा बाहेरून यावा लागतो? नैयायिक सांगतात की तो बाहेरूनच यावा लागतो: दूरवर पाणी दिसले, पण ते पाणीच आहे की मृगजळ हे नुसत्या दिसण्यावरून ठरत नाही, तेथवर जाऊन ओंजळ भरली आणि तहान भागली, म्हणजे मग आधीचे ज्ञान खरे होते असा निश्चय होतो. मीमांसक कुमारिलांचा पक्ष याच्या उलट आहे. एका ज्ञानास दुसऱ्याचा दाखला लागत असेल तर त्या दुसऱ्यास तिसऱ्याचा लागेल, आणि या मालिकेस अंत उरणार नाही. म्हणून ज्ञान हे स्वतःच प्रमाण होय, आणि ते अप्रमाण आहे असे ज्यास म्हणावयाचे असेल त्याने एकतर ज्या कारणांतून ते उपजले त्यांत दोष दाखवावा, नाहीतर त्याचा बाध करणारे दुसरे ज्ञान पुढे आणावे. पुराव्याचे ओझे कोणी वाहावे, हाच या दोन पक्षांमधला खरा तंटा आहे.

जलतरणाचा कारभार पाहणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९०८ साली लंडनमध्ये स्थापन झाली ती पूर्णपणे नैयायिक वृत्तीची, आणि तिने तसे असावे हे योग्यच होते; कारण त्यापूर्वीच्या काळात प्रत्येक गावाचा विक्रम निराळा, प्रत्येक तलावाची लांबी निराळी आणि प्रत्येक घड्याळाचा कल आपल्या माणसाकडे, अशी अनागोंदी होती. मोजलेला तलाव, नेमलेले पंच, मंजूर झालेला सामना आणि पुढे उत्तेजक द्रव्यांची तपासणी, इतक्या चाळण्यांतून गेल्याखेरीज कोणताही आकडा विक्रम ठरू नये, या बंदोबस्ताचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु बर्म्युडाच्या प्रकरणी मी निःशंकपणे कुमारिलांच्या बाजूचा आहे. मंजुरीचा अभाव हा कारणदोष नव्हे. त्यामुळे पाणी पातळ झाले नाही की अंतर आखूड झाले नाही. घड्याळ चुकले असे कोणी सिद्ध केले नाही, आणि बाधक असा कोणताही प्रत्यय आजवर पुढे आलेला नाही. नोंद झाली नाही ही दप्तराची उणीव आहे; तिचे खापर घटनेवर फोडता येत नाही.

कारणशुद्धीचा विचार हे दप्तर स्वतः किती बारकाईने करते, याचे एक उदाहरण मला नेहमी मोहक वाटत आले आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी १०० मीटर बॅकस्ट्रोकची स्वतंत्र शर्यतच नव्हती, फक्त २०० मीटरची होती; तरीही १०० मीटर अंतर एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला पुरुष, अमेरिकेचा टॉम्प्सन मान, याच टोकियोत त्या अंतराचा मानकरी ठरला, कारण मिश्र रिलेमध्ये आपल्या संघाचा पहिला गडी म्हणून त्याने ५९.६ सेकंद नोंदविले. रिलेतील पहिल्या गड्याचा वेळ विक्रम म्हणून ग्राह्य धरतात आणि उरलेल्या तिघांचा धरीत नाहीत, याचे कारण असे की पहिला गडी इशाऱ्यावर सुटतो, आणि पुढचे मात्र येणाऱ्या सोबत्याकडे पाहत आधीच झेप घेण्याच्या बेतात असतात. पदक एका शर्यतीत आणि विक्रम दुसऱ्या शर्यतीत, अशी विभागणी त्यामुळे या प्रकारात वारंवार झालेली आढळते. बार्सिलोना येथे १९९२ मध्ये जेफ राउज हा कॅनडाच्या मार्क ट्यूक्सबरीकडून सेकंदाच्या सहा शतांशांनी हरला आणि त्याच ऑलिंपिकच्या रिलेत ५३.८६ सेकंदांचा विश्वविक्रम करून गेला. राउजचा वेग खरा होता म्हणून ट्यूक्सबरीचा विजय खोटा ठरत नाही; दोन्ही ज्ञाने प्रमाण आहेत, कारण दोहोंचे विषय भिन्न आहेत.

यापेक्षा कठीण प्रश्न लक्षणाचा आहे. उताणे पोहणे म्हणजे नेमके काय? नियम सांगत असे की शर्यतभर पाठीवर असावे. पाण्याच्या पृष्ठभागावर असावे असे तो सांगत नसे. हार्वर्डच्या डेव्हिड बर्कॉफने या मौनातील अवकाश ओळखला. सुरुवातीच्या झेपेनंतर हात डोक्यामागे ताणून, डॉल्फिनप्रमाणे कमरेखालचे अंग हलवीत तो सुमारे ३५ मीटर अंतर पाण्याखालूनच कापी, कारण पृष्ठभागावर लाटांचा जो अवरोध होतो तो खोलवर होत नाही. सोव्हिएत संघाच्या इगोर पोल्यान्स्कीने १९८८ मध्ये नोंदविलेला ५५.०० सेकंदांचा विक्रम बर्कॉफने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोडला, आणि सेऊलच्या प्राथमिक फेरीत ५४.५१ सेकंदांपर्यंत मजल मारली. अंतिम शर्यतीत मात्र तीच युक्ती आत्मसात केलेल्या जपानच्या दाइची सुझुकीने ५५.०५ सेकंदांत त्याच्यावर मात केली. अर्ध्याहून अधिक तलाव रिकामा दिसावा आणि पोहणारे सगळे तळाशी असावेत, हे दृश्य पाहून संस्थेच्या लक्षात आले की आपल्या लक्षणात अतिव्याप्तीचा दोष शिरला आहे. ज्यास आपण पृष्ठभागावरचे पोहणे समजत होतो त्याच्या व्याख्येत पाण्याखालचे पोहणेही बसते. म्हणून पाण्याखालच्या अंतरास प्रथम १० आणि मागाहून १५ मीटरांची मर्यादा घालण्यात आली. बर्कॉफचा आकडा मात्र रद्द केला नाही, हे मला फार शहाणपणाचे वाटते. व्याख्या दुरुस्त झाली ती पुढच्यांसाठी. जुन्या व्याख्येखाली केलेले कर्म त्या व्याख्येपुरते निर्दोष होते. नव्या मर्यादेत राहून राउजने १९९१ मध्ये ५३.९३ सेकंद नोंदविले, तेव्हा बर्कॉफला मागे टाकण्याचे काम कायद्याने न करता माणसाने केले.

प्रमाणाच्या मर्यादेची कबुली देण्याचे धैर्यही या खेळाने एकदा दाखविले आहे, आणि धर्मचिंतनात रमणाऱ्या माणसास त्याचे विशेष अगत्य वाटावे. १९७२ साली म्यूनिख येथे ४०० मीटर मिश्र पोहण्याच्या शर्यतीत स्वीडनच्या गुन्नार लार्सनला सेकंदाच्या दोन सहस्रांशांच्या फरकाने सुवर्णपदक देण्यात आले. घड्याळ तेवढे मोजू शकत होते. पण तलाव तेवढा अचूक बांधलेला नव्हता. सेकंदाच्या सहस्रांशात उताणा पोहणारा दोन मिलिमीटरही पुढे सरकत नाही, आणि शेजारशेजारच्या मार्गिकांच्या लांबीत त्याहून अधिक तफावत असू शकते. व्यासभाष्यात क्षणाचे लक्षण सांगताना म्हटले आहे की चळलेला परमाणू पूर्वीचे स्थान सोडून पुढच्या स्थानी जाण्यास जितका अवधी लागतो तितका क्षण. म्हणजे काळाचे मोजमाप अवकाशाच्या मोजमापावरच उभे आहे, आणि जेथे भिंतीचे स्थान निश्चित नाही तेथे क्षणाचे सूक्ष्म विभाग करणे निरर्थक होय. संस्थेने पुढे शतांशापाशी थांबण्याचा निर्णय घेतला तो नेमका या तर्काने. त्याचे फळ रिओ येथे २०१६ मध्ये दिसले: स्त्रियांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये कॅनडाची कायली मासी आणि चीनची फू युआनहुई यांनी ५८.७६ सेकंदांवर एकदमच भिंतीस हात लावला आणि कांस्यपदक दोघींस मिळाले. सृष्टीत कदाचित त्यांपैकी एक केसभर पुढे असेल. परंतु जे आपल्या प्रमाणांच्या आवाक्यात नाही त्याविषयी निकाल देऊ नये, हा संयम पुष्कळ धर्मपीठांनीही दाखविलेला नाही.

आता कारणदोषाकडे येतो, आणि येथे लेखणी जड होते. २००९ च्या उन्हाळ्यात पॉलियुरेथेनचे चकचकीत पोशाख घालून पोहणाऱ्यांनी विक्रमांचा पाऊस पाडला. स्पेनच्या आश्विन विल्डेबोअरने ५२.३८ सेकंद केले, आणि एका आठवड्याच्या आत इंडियानापोलिस येथे एरन पिअरसोल ५१.९४ वर पोहोचला. पुढल्या वर्षाच्या आरंभी ते पोशाख वर्ज्य झाले, विक्रम मात्र बहाल राहिले, आणि पिअरसोलचा आकडा ओलांडण्यास रायन मर्फीला २०१६ साल उजाडावे लागले. तेथे दोष लपलेला नव्हता. पोशाख सर्वांसमोर होता, कायदेशीर होता, आणि ज्याला तो घ्यावयाचा होता त्याला खुला होता. पण १९८० मध्ये मॉस्को येथे पूर्व जर्मनीची पंधरा वर्षांची रिका राइनिश हिने १ मिनिट ०.८६ सेकंदांचा जो विश्वविक्रम केला त्यामागचे कारण तिलाही ठाऊक नव्हते. आपणास नकळत उत्तेजक गोळ्या दिल्या जात असत, हे तिने मोठेपणी स्वतःच जाहीर केले. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या देशाचे क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांस अल्पवयीन खेळाडूंच्या शरीरास अपाय करण्यास साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरविले, तरी ऑलिंपिकचे निकाल आहेत तसेच ठेवण्यात आले.

कुमारिलांची कसोटी येथे लावली तर अप्रामाण्य उघड आहे, कारण दोष कारणातच आहे. मग आकडा खोडावा काय? या प्रश्नाने मी पुष्कळदा अस्वस्थ झालो आहे, आणि आज मला असे वाटते की आपण येथे दोन गोष्टी एकत्र करतो. ती मुलगी तेवढ्या वेळात पोहली, ही घटना खरी आहे. औषधावाचून मनुष्यदेह तेवढ्या वेळात पोहतो, असा जो अर्थ जगाने त्या आकड्यातून काढला, तो खोटा होता. दोष अनुमानाचा आहे, प्रत्यक्षाचा नाही. आकडा खोडल्याने जिच्या देहावर अत्याचार झाला तिच्याच नावावर काट बसते आणि अत्याचार करणाऱ्यांचा माग पुसला जातो. म्हणून तो दप्तरात राहावा, पण समासात त्याच्या कारणाची टीप असावी, अशी टीप की जी वाचल्याखेरीज कोणासही तो आकडा वाचता येऊ नये. दप्तरात अशी तरतूद नाही, हे माझ्या मते दप्तराचे मोठे न्यून आहे.

विक्रम मोडतो तेव्हा आधीच्या विक्रमाचा बाध होत नाही, हेही याच विवेकातून निष्पन्न होते. शिंपल्याच्या जागी रुपे दिसले आणि मग शिंपला कळला, तर रुप्याचे ज्ञान नष्ट होते. हॉलंडच्या कोर किंट हिने १९३९ च्या सप्टेंबरात, युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले असताना, १ मिनिट १०.९ सेकंदांचा जो विक्रम केला तो अमेरिकेच्या लिन बर्कने १९६० मध्ये मागे टाकल्याने असा नष्ट झाला नाही. मधली एकवीस वर्षे तो अबाधित होता, आणि १९४० व १९४४ ची ऑलिंपिके भरलीच नाहीत म्हणून नैयायिकास हवा असलेला फलाचा दाखला किंटला मिळाला नाही. तरी तिच्या आकड्यावर कोणी संशय घेत नाही.

परंतु एका प्रकरणापाशी माझा मीमांसक पक्ष अडखळतो, हे सांगितले पाहिजे. १९६५ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे दक्षिण आफ्रिकेच्या करेन म्यूर या बारा वर्षांच्या मुलीने ११० यार्डांचे अंतर उताणे पोहून १ मिनिट ८.७ सेकंदांचा विश्वविक्रम केला. वर्णद्वेषी राजवटीमुळे तिचा देश ऑलिंपिकमधून बहिष्कृत होता, म्हणून ती कधीच तेथे उतरू शकली नाही. पुढे ती डॉक्टर झाली आणि कॅनडात रुग्णसेवा करीत राहिली. तिच्या पोहण्यात यत्किंचितही दोष नव्हता, आणि बारा वर्षांच्या मुलीवर राज्याच्या पापाचा भार टाकणे मला मान्य नाही. तथापि त्याच देशात १९५३ च्या कायद्याने तलाव वर्णावर वाटून दिलेले होते, आणि तिच्या वयाच्या असंख्य कृष्णवर्णीय मुलींस ती ज्या पाण्यात शिकली त्या पाण्याजवळ येण्याचीही मुभा नव्हती. म्यूर तेवढ्या वेळात पोहली हे स्वतःप्रमाण आहे. ती जगात सर्वांत वेगवान होती, हे मात्र ज्यांना पाण्यात उतरू दिले तेवढ्यांपुरतेच खरे आहे. आणि ही मर्यादा केवळ तिच्या नोंदीस लागू नसून, त्या काळच्या सबंध यादीतील पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या बहुतेक सर्व नोंदींस कमीअधिक प्रमाणात लागू आहे.