सवय, विवेक आणि उलटा रस्ता

मनुष्याचें चांगलें वर्तन सवयीवर उभें असतें कीं विवेकावर, हा वाद फार जुना आहे. ॲरिस्टॉटलनें सद्गुणाला अभ्यासानें अंगीं बाणणारी वृत्ति मानलें. कांटनें केवळ मनाच्या ओढीनें घडणाऱ्या सत्कृत्याला नैतिक मोल देण्याचें नाकारलें. आपल्याकडे आचार आणि विचार हे शब्द जोडीनें उच्चारण्याचा प्रघात आहे खरा. परंतु तीं दोन्हीं खरोखर एकत्र नांदतात कीं नाहीं, हें पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. नित्याच्या व्यवहारांत सवय आणि विवेक बहुधा एकाच बाजूला ओढतात. एक इकडे व दुसरा तिकडे ओढूं लागला, आणि तोही अशा जागीं कीं जेथें निवड करण्यास दोन-तीन क्षणांहून अधिक अवधि नाहीं, म्हणजेच खरी कसोटी लागते. अशी जागा शोधण्यासाठीं तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत शिरण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील मिझुरी संस्थानांत, स्प्रिंगफील्ड शहरीं, ती २००९ सालीं बांधून तयार झाली आहे.

अमेरिकेंत वाहनें रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेथील एखादा शहरचा रस्ता महामार्गावरून पुलानें पलीकडे जातो, तेव्हां पुलाच्या दोन्ही टोकांशीं महामार्गाकडे उतरणारे व तेथून वर येणारे जोडरस्ते येऊन मिळतात. ज्याला डावीकडे वळून खालीं उतरावयाचें असतें त्याला समोरून येणाऱ्या वाहनांची रांग भेदावी लागते. बराचसा खोळंबा आणि पुष्कळसे अपघात यांचें मूळ हें डावें वळण. आपल्याकडे उजव्या वळणाची जी अडचण तीच ही, आरशांत पाहिल्यासारखी. स्प्रिंगफील्ड येथें योजलेला उपाय असा: पूल येण्यापूर्वींच, सिग्नलच्या दिव्यापाशीं, दोन्ही दिशांचे प्रवाह आळीपाळीनें एकमेकांस तिरपे छेदून बाजू बदलतात; पुलावर सर्व वाहनें डाव्या बाजूनें जातात; आणि पलीकडच्या टोकाशीं दुसऱ्या दिव्यापाशीं पुन्हां आपल्या उजव्या बाजूस येतात. मधल्या अंतरांत डावीकडे वळणाऱ्याला समोरून कोणीच आडवें येत नाहीं. जुन्या पद्धतीच्या अशा जोडणींत वाहनांच्या वाटा एकमेकींस भिडण्याचीं २६ स्थळें मोजतात. या रचनेंत तीं १४ उरतात. शिवाय असलेलाच पूल वापरतां आला, ही गोष्ट खजिन्याच्या किल्ल्या संभाळणारांस अधिकच आवडली असेल.

कल्पना अगदींच अपूर्व नव्हे. फ्रान्समध्यें व्हर्सायजवळ १९७० नंतरच्या दशकांतच अशी रचना झाली होती. अमेरिकेंत ती गिल्बर्ट क्लेविकी यास मेरीलंड विद्यापीठांत शिकत असतां, २००० सालीं सुचली, व २००३ सालीं त्यानें ती निबंधरूपानें तज्ज्ञांपुढें मांडली.

कागदावर ही आखणी पाहणाऱ्या बहुतेकांचा पहिला उद्गार एकच असतो: लोक समोरासमोर आदळतील! त्यांत नवल नाहीं. अमेरिकन चालकाला रस्त्याची डावी बाजू हा नुसता नियमभंग वाटत नाहीं. तिकडे चाक वळलें तर त्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. लहानपणीं आईचें बोट धरून रस्ता ओलांडल्यापासून जें मनावर बिंबलें, जें मोडल्यास इतरत्र दंड होतो आणि प्रसंगीं प्राणही जातो, तेंच या पुलावर मोडण्याची आज्ञा सरकार त्याला देतें. पुण्यास मोटार शिकून पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्याकडील गृहस्थाची गंमत तर न्यारीच. मोठ्या कष्टानें त्यानें डावी बाजू विसरून उजवी अंगवळणीं पाडलेली असते, आणि येथें कांहीं शें फुटांपुरती त्याची जुनी बाजू त्याला परत मिळते! त्याला माहेरीं आल्यासारखें वाटेल कीं भुताटकी झाल्यासारखें, हें ज्याचें त्यानेंच सांगावें.

परंतु भाकीत खरें ठरलें नाहीं. तेथील मध्यवर्ती महामार्गखात्यानें अगोदरच सामान्य चालकांना मोटारीचा हुबेहूब आभास उत्पन्न करणाऱ्या यंत्रांत बसवून पाहिलें होतें, आणि भलत्या बाजूस शिरण्याचें भय फारसें साधार दिसलें नव्हतें. प्रत्यक्षांतही तसेंच घडलें. आज त्या देशांत अशा रचना शंभरांहून अधिक आहेत.

जित्याची खोड मेल्यावांचून जात नाहीं असें आपण म्हणतों. मग ही इतकी खोल खोड दोन दिव्यांच्या मध्यें कशी गेली? चालकांना नवी योजना पटली, त्यांनीं विवेकानें सवयीवर मात केली, असें म्हणावयास आम्हांला आवडलें असतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. पुष्कळांना आपण बाजू बदलली हें त्या क्षणीं उमगतही नसावें. छेदाचा कोन असा ठेविलेला असतो कीं गाडी सरळ जात असल्याचा भास व्हावा. कडेचे दगड, जमिनीवरचे बाण व रंगाच्या रेघा वाहनाला हाताला धरून नेतात. आणि समोरच्या दिव्यांचा झोत डोळ्यांत जाऊन मन बावरूं नये म्हणून कोठें कोठें मध्यें आडोसाही घालतात. म्हणजे एका सवयीला हरविलें तें विवेकानें नव्हे, तर दुसऱ्या सवयीनें. दोन रेघांच्या मधून जाणें, पुढच्या गाडीमागून जाणें आणि तांबडा दिवा दिसतांच थांबणें या सवयी उजव्या-डाव्याच्या सवयीहूनही खोल निघाल्या.

मग चालकाच्या पदरीं नैतिक श्रेय कांहींच राहिलें नाहीं काय? दगडांनीं वळविलेली गाडी ही दगडांचीच करणी नव्हे काय? हा प्रश्न दिसतो तितका खेळकर नाहीं. ज्या युगांत आपलें पुष्कळसें वर्तन दुसऱ्या कोणीतरी आधींच आखून ठेविलेल्या वाटांनीं होतें, त्या युगांत आपलें म्हणण्याजोगें काय उरतें, हाच तो प्रश्न. आमच्या मतें एक गोष्ट तरी चालकाची स्वतःची राहते. दिवा हिरवा होतो, रस्ता डावीकडे झुकतो आणि सारा देह नको म्हणत असतां तो गाडी पुढें घालतो. समोरच्या अनोळखी माणसांनीं आपला तांबडा दिवा पाळला आहे आणि ही वाट आखणारानें आपल्याला फसविलेलें नाहीं, एवढ्या दोन विश्वासांवर तो आपला जीव सोंपवितो. हा विश्वास कोणताही दगड निर्माण करूं शकत नाहीं. दगड फक्त त्याला पात्र ठरूं शकतो, किंवा अपात्र.

पात्रता कशी येते, याचें उदाहरण इंग्लंडांत स्विंडन येथें पाहावयास मिळतें. तेथें फ्रँक ब्लॅकमोर या आखणीकारानें १९७२ सालीं एका मोठ्या चौकाभोंवतीं पांच लहान वर्तुळें मांडलीं, आणि मधल्या वर्तुळांतील वाहतूक तर घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें फिरविली. ज्या देशांत प्रत्येक वर्तुळाकार चौकाला उजवीकडून डावीकडे, कांट्याच्या दिशेनें, वळसा घालावयाचा, तेथें हें धाडसच. लोकांनीं त्याला मुलांच्या एका दूरचित्रवाणी-खेळावरून 'जादूचा चौक' असें नांव दिलें. त्या जादूचें मर्म मात्र एका साध्या नियमांत आहे: उजवीकडून येणाराला आधीं जाऊं द्यावें. संबंध नकाशा डोक्यांत घेऊन शिरूं पाहणारा गोंधळून जातो; जो प्रत्येक लहान वर्तुळापाशीं तेवढा एकच नियम पाळतो, तो पार पडतो. पण आम्हांला त्याहून मोलाची वाटते ती पहिल्या दिवसांतील व्यवस्था. त्या काळांत वर्तुळें पक्कीं रंगविलीं नव्हतीं. लोक कसे जातात हें पाहून तीं हलवितां यावींत अशीं ठेविलीं होतीं, आणि प्रत्येक लहान वर्तुळावर एकेक पोलीस उभा होता. चालकाला शिकविण्यापूर्वीं आखणारा चालकाकडून शिकत होता. दुसऱ्याची सवय मोडावयास सांगणाराच्या अंगीं एवढी नम्रता असावी, ही अपेक्षा जास्त नव्हे.

स्वीडनमध्यें प्रश्न याहून बिकट होता, कारण तेथें एका चौकाची नव्हे, सबंध राष्ट्राची बाजू बदलावयाची होती. १९५५ च्या सार्वमतांत शेंकडा ८३ लोकांनीं डावी बाजू सोडण्यास नकार दिला होता. तरी १९६३ सालीं विधिमंडळानें निर्णय घेतला, आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजीं पहांटे रस्त्यावर असलेलीं वाहनें पांचाला दहा मिनिटें कमी असतां थांबलीं, सावकाश उजवीकडे आलीं आणि पांचच्या ठोक्याला पुढें निघालीं. शेजारची नॉर्वे व फिनलंड हीं राष्ट्रें उजवीकडून जात होतीं, आणि स्वीडनमधील बहुतेक मोटारींचें चाकही डावीकडेच होतें. तेव्हां कारणें सबळ होतीं. त्यानंतर कांहीं काळ अपघात कमी झाले, आणि दोनेक वर्षांत ते पूर्वपदावर आले.

या शेवटच्या गोष्टीवरून कांहीं विचारवंत असा निष्कर्ष काढतात कीं मनुष्याला सदैव थोडें भयभीत ठेवावें, म्हणजे तो सावध राहील. आम्हांला तें मान्य नाहीं. अवधान ही वाटेल तितकी उपसतां येणारी विहीर नव्हे. पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत तेल घालून चालविणारा मनुष्य आयुष्यभर तसाच चालवील, ही अपेक्षा म्हणजे रोज एकादशी करण्याचा आग्रह. रात्रभर जागलेला ट्रकवाला, सत्तरी उलटलेल्या आजीबाई, त्या गांवीं प्रथमच आलेला परका, यांना अवधान कमी पडेल हें धरूनच रस्ता आखावयाचा असतो.

दुसराही एक निष्कर्ष काढला जातो, व तो अधिक फसवा आहे: लोक आधीं ओरडतात आणि मागाहून त्यांना तेंच आवडूं लागतें. अमेरिकेंत वर्तुळाकार चौकांविषयीं झालेल्या एका पाहणींत, चौक होण्यापूर्वीं शेंकडा ३१ चालक अनुकूल होते, झाल्यावर ६३ झाले. आंकडे बोलके आहेत. परंतु सवय झाल्यावर मिळालेली संमति ही रचनेच्या चांगुलपणाचा पुरावा कशी मानावी? सवय चांगल्या-वाइटाची निवड करीत नाहीं. बालविवाहाला आणि अस्पृश्यतेलाही आपल्या समाजानें शतकानुशतकें अशीच सरावाची संमति दिली होती. चौकाचा चांगुलपणा ठरवावयाचा तर तेथें जायबंदी होणाऱ्यांचा आंकडा पाहावा लागेल. आणि वर्तुळाकार चौकांच्या बाजूनें तो आंकडा भक्कम उभा आहे, म्हणून आम्ही त्यांचे पक्षपाती आहोंत, लोकांना ते आवडूं लागले म्हणून नव्हे.

हाच निकष स्प्रिंगफील्डच्या पद्धतीस लावला तर मोटारवाल्याची चिंता बरीच मिटते. पायीं चालणाराची मिटत नाहीं. अशा पुष्कळ पुलांवर पादचाऱ्यांची वाट दोन भिंतींच्या मध्यें, अगदीं पुलाच्या मधोमध असते. तेथपर्यंत जाण्यासाठीं त्याला वाहनांचे प्रवाह ओलांडावे लागतात, आणि वाहन जिकडून येईल असें वाटतें तिकडून तें येत नाहीं. डोळस मनुष्य जमिनीवरच्या खुणा वाचून मान वळवील. अंध मनुष्य रस्ता ओलांडतो तो कानांच्या भरंवशावर. गाड्यांचा आवाज कोणत्या बाजूनें वाढतो यावरून तो प्रवाहाची दिशा ठरवितो, आणि येथें जन्मभर साथ देणारे तेच कान त्याला भलतीच दिशा सांगतात. कडेचे दगड, बाण आणि रेघा यांतील एकही वस्तु त्याच्यासाठीं आखलेली नसते. त्याच्यासाठीं दिव्याच्या खांबावर नाद करणारें यंत्र आणि पायाला कळणारी खडबडीत फरशी लागते. जेथें तीं नसतात, तेथें तो काठी टेंकून उभा राहतो आणि कोणी हात धरील म्हणून वाट पाहतो.