पंचवीसमधला पाच

शिरवण्यातल्या एखाद्या घरी सत्यनारायणाची पूजा असली, की त्या घराचा पत्ता दोनदा सांगितला जातो. पत्रिकेवर आधी यजमानाचं नाव, मग घर क्रमांक, शिरवणे गाव, सेक्टर 1, नेरूळ, नवी मुंबई 400706. पाटावर बसल्यावर भटजी संकल्प सांगतात तो नेमका उलट: जंबुद्वीप, भरतवर्ष, दक्षिणापथ, गोदावरीचा कुठला तो तीर, काळाचंही तसंच, कल्प, मन्वंतर, युग, शक, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, आणि सगळ्यात शेवटी यजमानाचं गोत्र नि नाव. पत्रिका लहानाकडून मोठ्याकडे जाते, संकल्प मोठ्याकडून लहानाकडे. घर एकच. कुठला पत्ता कुठल्या बाजूनं वाचायचा हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून घोटाळा होत नाही.

यंत्राला ते ठाऊक नसतं. दोन संगणकांना जाळ्यावरून बोलायचं तर दोन्हीकडे सॉकेट, म्हणजे संवादाचं टोक, उघडावं लागतं आणि त्याला पत्ता द्यावा लागतो. ही पद्धत 1983 मध्ये बर्कलीच्या 4.2 बीएसडी या युनिक्समधून पसरली. आज लिनक्स, विंडोज, मॅक सगळे तीच वापरतात, पण जो तो आपल्या बोलीत. पहिला तिढा बाइटांच्या क्रमाचा. दोन बाइटांचा आकडा साठवताना इंटेलचा प्रोसेसर लहान बाइट आधी ठेवतो. जाळ्यावर मात्र मोठा आधी, असा नियम आहे. क्रम फिरवणारं फंक्शन लावायचं राहिलं, तर वेबचं 80 क्रमांकाचं पोर्ट पलीकडे 20480 होऊन पोचतं. टकटक होते, पण भलत्याच दारावर.

मोठा आधी की लहान, या भांडणाला धर्मयुद्ध म्हटलं ते संगणकतज्ज्ञ डॅनी कोहेन यांनी, 1 एप्रिल 1980 च्या टिपणात. दोन्ही पंथांची नावं त्यांनी जोनाथन स्विफ्टच्या 1726 सालच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून उचलली. तिथे लिलिपुटचे बुटके लोक उकडलेलं अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून एकमेकांचे जीव घेतात. तारीख एप्रिल फूलची असली तरी कोहेन यांचा मुद्दा गंभीर होता: कुठला क्रम हे गौण, सगळ्यांचा एकच असणं महत्त्वाचं.

लिलिपुटला हसण्याचा अधिकार मराठी माणसाला फारसा नाही. तो ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. ज्योतिषग्रंथांतली भूतसंख्या तर एकंस्थानापासूनच चालते. महायुगाची 43,20,000 वर्षं सांगायची तर आधी चार शून्यं, मग दात म्हणजे 32, मग समुद्र म्हणजे 4. म्हणजे संकल्प मोठ्या टोकाचा आणि ग्रंथातलं गणित लहान टोकाचं, दोन्ही एकाच परंपरेतले.

मग यातला खरा क्रम कुठला? हा प्रश्न भारतीय दर्शनांत वेगळ्या रूपात आधीच लढला गेला आहे. मीमांसक म्हणतात, शब्द आणि अर्थ यांचं नातं जन्मजात आहे, कुणी जोडलेलं नाही. नैयायिक म्हणतात, तो निव्वळ संकेत आहे. नातं स्वाभाविक असतं तर ‘अग्नी’ म्हणताच तोंड भाजलं असतं, आणि निरनिराळ्या लोकांत एकाच शब्दाचा निरनिराळा वापर झालाच नसता.

सॉकेट लिहिणारे इथे नैयायिकांच्या बाजूनं भरभक्कम साक्ष देतील. आयपीच्या सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांचं कूळ सांगायला सगळीकडे ‘एएफ_आयनेट6’ हे एकच नाव आहे. पण त्यामागचा आकडा लिनक्सवर 10, विंडोजवर 23, फ्रीबीएसडीवर 28 आणि मॅकवर 30. मीमांसकांचा आवडता युक्तिवाद असा, की संबंध जोडणारा कुणी असता तर त्याची आठवण राहिली असती. इथे आठवण आहेच, तीही सनावळीसह. 1990 च्या 4.3 बीएसडी-रेनोनं पत्त्याच्या साच्यात सुरुवातीला लांबीचा एक बाइट घातला. मॅकनं तो वारसा घेतला, लिनक्सनं आणि विंडोजनं नाही. त्यामुळे इंटेलवरच्या लिनक्सनं स्मृतीतला साचा जसाच्या तसा धाडला, तर त्याचे ‘10, 0’ हे पहिले दोन बाइट मॅक वाचतो असे: लांबी 10, कूळ 0. कूळ शून्य म्हणजे अनिर्दिष्ट. गोत्र माहीत नसलं तर भटजी निदान कश्यप म्हणून वेळ निभावून नेतात. मॅककडे ती सोय नाही.

पण मीमांसकांची एक हरकत सहज झटकता येत नाही. संकेत ठरवायलाही शब्द लागतात, मग त्या शब्दांचा संकेत कुणी ठरवला? ‘माझा क्रम अमुक’ हे यंत्रानं कुठल्या क्रमात कळवावं? यूटीएफ-16 या लिपिसंकेतानं यावर नामी उपाय काढला: मजकुराच्या आरंभी अशी खूण ठेवायची, की जी उलटी वाचल्यास वैध अक्षरच राहत नाही. खूण स्वतःच आपली दिशा सांगते. सॉकेटवाल्यांनी ही चतुराई केली नाही. घरात हवं तसं बोला, वेशीबाहेर पडताना क्रम बदला, एवढाच त्यांचा दंडक. आणि जाणते प्रोग्रामर आकडा लिहीतच नाहीत, नाव लिहितात. कूळ आणि पत्ता ‘गेटअ‍ॅडरइन्फो’ या फंक्शनला शोधू देतात. यंत्र बदललं की आकडा बदलतो, नाव टिकतं. मीमांसकांना एवढं श्रेय द्यायला हरकत नाही.

तारेवरून मात्र नाव जात नाही, बाइटच जातात. शिरवण्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसारख्या ठिकाणी याचा हिशेब रोखीत होतो. सीमेन्सच्या एस-7 मालिकेतले नियंत्रक आकडा धाडताना मोठा बाइट आधी ठेवतात, टेबलावरचा पीसी लहान. टाकीचं तापमान 25 अंश आहे. कामगार ते ‘पंचवीस’ म्हणतो, पाच आधी. वहीत 25 लिहितो, दोन आधी. नियंत्रक 0 आणि 25 असे दोन बाइट धाडतो, आणि क्रम न फिरवता वाचणारा पीसी पडद्यावर 6400 दाखवतो.