अंदाजे

गेल्या पावसाळ्यात वसई रोड स्थानकात गाडीची वाट पाहत उभा असता लोहमार्ग पोलिसांच्या फलकाकडे माझे लक्ष गेले. ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ३५ ते ४०, बांधा मध्यम, रंग सावळा, नेसणीस काळी पँट’ असे वर्णन होते, खाली वारसांनी संपर्क साधावा अशी विनंती होती; आणि देह मिळाला ते स्थळ खाडीकाठी, रेल्वेपुलापासून ‘अंदाजे’ अमुक अंतरावर. वय अंदाजे का, हे मला समजू शकते. पाणी चेहऱ्यावर वयाची खूण ठेवीत नाही. परंतु ज्या काळात भाजीवाल्याच्या खिशातील फोनदेखील तो उभा आहे ती जागा काही पावलांच्या फरकाने सांगतो, त्या काळात एका मनुष्याच्या अखेरच्या जागेविषयी सरकारी कागदाने ‘अंदाजे’ लिहून मोकळे व्हावे, हे मला त्या मनुष्याच्या अवहेलनेसारखे वाटले, आणि तो शब्द पुढे कित्येक दिवस मनात सलत राहिला.

बोटांचे ठसे, दात, डीएनए ही ओळख पटविण्याची साधने वाचकांस ठाऊक आहेत. ती सारी ताडून पाहण्याची साधने आहेत. हाडातून काढलेली जनुकीय खूण कितीही निर्विवाद असली, तरी ती कोणाच्या रक्ताशी ताडावयाची हे ती स्वतः सांगू शकत नाही. ते सुचविण्याचे सामर्थ्य जागेत, म्हणजे नकाशात आहे.

पोलीस खात्याच्या बोलीत ‘अनोळखी’ आणि ‘बेवारस’ हे शब्द जोडीने वावरतात, जणू ते एकच. मला त्यांतील अंतर फार मोठे वाटते. अनोळखी हे आपल्या अज्ञानाचे वर्णन आहे; बेवारस हा त्या मृताविषयी, त्याच्या साऱ्या गोतावळ्याविषयी दिलेला निकाल आहे, आणि बहुतेक वेळा तो पुराव्यावाचून, केवळ मुदत संपली म्हणून दिलेला असतो. २०२२ साली वसईची एक तरुणी बेपत्ता असल्याची तिच्या वडिलांची तक्रार येथील माणिकपूर पोलीस ठाण्यात नोंदली गेली. तिच्या बँकव्यवहाराचे आणि फोनचे ठिकाण दिल्लीतील मेहरौलीकडे बोट दाखवीत होते, म्हणून तपास तिकडे गेला. नोव्हेंबरात तेथील जंगलातून हाडे मिळाली आणि डिसेंबरात ती वडिलांच्या नमुन्याशी जुळली. हीच हाडे एखाद्या गुराख्याला योगायोगाने सापडली असती, तर ती दिल्लीच्या एखाद्या दप्तरात अनोळखी आणि कालांतराने बेवारस ठरली असती, आणि वडील मात्र वसईत ठाण्याच्या पायऱ्या चढत राहिले असते.

माझे एक स्नेही फौजदारकी करून निवृत्त झाले आहेत. त्यांच्यापुढे मी माझा विचार मांडला: प्रत्येक अनोळखी देहाचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, प्रत्येक बेपत्ता माणसाचे अखेरचे ठिकाण घ्यावे, आणि ठाण्यांच्या हद्दी पुसून दोन्ही एकाच नकाशावर मांडावीत. अमेरिकेत ॲरिझोनातील पिमा परगण्याचे न्यायवैद्यक कार्यालय आणि ‘ह्यूमेन बॉर्डर्स’ ही संस्था यांनी वाळवंटात मरण पावलेल्या स्थलांतरितांसाठी असा नकाशा केला आहे; एक देह, एक बिंदू. स्नेही म्हणाले, “अहो, ठिकाण आम्ही लिहीतच होतो. रुळांवर माणूस गेला तर विजेच्या खांबाचा नंबर किलोमीटरसकट पंचनाम्यात येतो. पण त्याला विचारायला कोणी आलंच नाही, तर खांब काय करणार? पुष्कळांना कोणी शोधतच नसतं.”

खांबाचे त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि त्या क्रमांकाची शिस्त पाहून मला आदरही वाटला. पण वहीतील आकड्याला त्याचा शेजार दिसत नाही; नकाशावर तो दिसतो. राहिले त्यांचे शेवटचे वाक्य. ते मी मुळीच मान्य करीत नाही. कोणी शोधीत नाही, हे ज्या ठाण्यात देह आला त्या ठाण्याला कोठून कळावे? शोधणारा दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या वहीत आपले नाव लिहून बसलेला असतो.

येथे नालासोपाऱ्याची आठवण होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकलला, तेव्हा तो स्तूप निघाला, आणि त्याच्या गर्भातील पाषाणाच्या करंड्यात, एकात एक ठेवलेल्या डब्यांच्या अगदी आत, मातीच्या भांड्याचे काही तुकडे मिळाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. तेच तुकडे शेताच्या बांधावर पडले असते तर कोणी वाकूनही पाहिले नसते. त्यांना अर्थ दिला तो त्यांच्या जागेने. स्तूप बांधणाऱ्यांनी ती जागा कोणी विसरू नये म्हणून तिच्यावर टेकडीएवढी खूण उभारली होती. आपल्या अनोळखी मृतांसाठी निदान कागदावरचा एक अचूक बिंदू मी मागत होतो.

परंतु निघता निघता स्नेह्यांनी विचारले, “खाडीत मिळालेल्याचा बिंदू कुठे मांडाल? मिळाला तिथे, की गेला तिथे?”

या प्रश्नाने माझी झोप घालविली. वसईच्या खाडीने उल्हास नदी समुद्रास मिळते. बदलापूर, कल्याण, घोडबंदर येथले पाणी पाणजू बेटाला वळसा घालून नायगाव-भाईंदरच्या पुलांखालून जाते, आणि भरतीला उलटे फिरते. २०२१ च्या तौक्ते वादळात १७ मे रोजी मुंबईसमोरच्या समुद्रात ‘पी ३०५’ तराफा बुडाला. त्यावरील काहींचे देह दक्षिणेस रायगडच्या, तर काहींचे उत्तरेस वलसाडच्या किनाऱ्यास लागले. त्यांच्यापैकी कित्येकांची ओळख डीएनएने पटू शकली, कारण तराफ्यावरील २६१ माणसांची यादी हाती होती. नायगावच्या चिखलात मिळालेल्या देहाला अशी यादी नसते. त्याच्यासाठी मी नायगावला अचूक बिंदू मांडला, तर कल्याणला आपल्या भावाला शोधणारी बहीण नकाशा पाहील, बिंदू फार दूर आहे असे म्हणेल आणि पुढे जाईल. म्हणजे ज्या अचूकतेचा मी आग्रह धरीत होतो, तीच त्या मनुष्याला बेवारस करील. तपासात हाती येणारे फोनचे ठिकाण तरी कोठे बिंदू असते? तेही बहुधा मनोऱ्याभोवतीचा एक विस्तारच.

हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेची संगणकप्रणाली समुद्रात हरवलेला माणूस वारा आणि प्रवाह यांच्या हिशेबाने कोठे असू शकेल, याचा बिंदू देत नाही, शक्यतेचा पट्टा देते. तोच हिशेब भरती-ओहोटीच्या वेळा आणि देह पाण्यात होता तो काळ घेऊन उलटा मांडला, तर खाडीतून वर कोठवर विचारपूस करावयाची ते ठरविता येईल. म्हणजे फलकावरील ‘अंदाजे’ पुसावयाचा नव्हता. तो मोजावयाचा होता.

परवा पुन्हा त्या फलकापाशी गेलो. जुन्या कागदावर नवा कागद लागला होता. स्त्री, वय अंदाजे ५०, डाव्या हातावर गोंदलेले, खाडीच्या दक्षिण तीरी. आदल्या रात्री भरती किती वाजता होती ते मी पाहिले, आणि घरी येऊन नकाशावर पेन्सिलीने घोडबंदरपर्यंत, मग ठाण्यापर्यंत, मग कल्याणपर्यंत फिकट पट्टा ओढीत गेलो.