सांधा कोणाचा?

पुष्कळ हातांनी उभ्या राहणाऱ्या कामात चूक झाली, तर ती कोणाची? एकट्या सुताराने घडविलेल्या खुर्चीचा पाय मोडला, तर हा प्रश्न पडत नाही. परंतु आजची मोठी यंत्रे एकट्याची नसतात. अनेक संस्था, कधी अनेक राष्ट्रे मिळून ती घडवितात आणि प्रत्येकाजवळ आपापल्या भागाचा चोख हिशेब असतो. अशा भागीदारीत शब्द कोणाचा चालावा, हा वरवर पाहता कारभाराचा प्रश्न आहे. आमच्या मते तो मुळात नीतीचा प्रश्न आहे.

युरोपातील एक उदाहरण या बाबतीत बोलके आहे. उपग्रह सोडणारा अग्निबाण एकत्र बांधण्यासाठी १९६२ साली सात राष्ट्रांनी करार केला आणि १९६४ साली 'एल्डो' ही संस्था अस्तित्वात आली. 'युरोपा' नावाच्या त्या अग्निबाणाचा पहिला टप्पा ब्रिटनचा, दुसरा फ्रान्सचा, तिसरा पश्चिम जर्मनीचा. चाचणी-उपग्रह इटलीने करायचे. बेल्जियम व नेदरलँड्स यांच्याकडे मार्गदर्शनाची व दूरसंदेशाची साधने. उड्डाणाची जागा ऑस्ट्रेलियातील वूमेरा. महायुद्ध संपून वीस वर्षे होण्याच्या आतच कालचे शत्रू एका कामाला लागले, ही गोष्ट लहान नव्हती.

वाटणी मात्र केवळ कामाचीच नव्हे, तर अधिकाराचीही झाली होती. प्रत्येक सरकार आपल्या भागाचा पैसा आपल्याच कारखान्यांना देई व देखरेखही आपणच करी. पॅरिसमधील मध्यवर्ती कार्यालयावर समन्वयाचा भार होता; हुकूम देण्याचे बळ त्याला जवळजवळ दिलेच नव्हते. १९६७ च्या दोन्ही उड्डाणांत दुसऱ्या टप्प्याने दगा दिला. १९६८ व १९६९ मध्ये तिसऱ्याने. जून १९७० मध्ये तिन्ही टप्पे चालले, पण माथ्यावरचे आवरण सुटले नाही. ५ नोव्हेंबर १९७१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झालेल्या उड्डाणात मार्गदर्शन यंत्रणा निकामी होऊन अग्निबाण आकाशातच नष्ट झाला. चौकशी समितीने विद्युत जोडणीतील उणिवांबरोबरच एकूण व्यवस्थापनावरही बोट ठेवले. १९७३ मध्ये योजना गुंडाळण्यात आली. एकही उपग्रह कक्षेत पोहोचला नव्हता.

यात कोणी आळशी होता, असे म्हणता येणार नाही. प्रत्येकाने आपला तुकडा जपला. तुकड्यांमधला सांधा कोणाच्याच वाट्याला आला नाही. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच कर्तव्यात झालेल्या कसुरीचीही कबुली देतो. पण सात जणांत वाटली गेलेली कसूर कोणी कबूल करायची? प्रत्येकाच्या वाट्याला ती इतकी थोडी येते की सदसद्विवेकाला तिचे ओझेच जाणवत नाही. भागीदारीतील खरा मोह हाच, असे आम्हांस वाटते.

येथे एक आक्षेप संभवतो. जे काम लहान समूह करू शकतो, ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली आपल्या परिपत्रकात शिकविले. मग 'युरोपा'ने तेच नाही का केले? नाही. त्या तत्त्वाचे लॅटिन नाव 'साहाय्य' या अर्थाच्या शब्दावरून आले आहे. लहानांना जे एकेकट्याने साधत नाही, ते करण्यासाठीच मोठ्याचे अस्तित्व असते. टप्पा बांधणे बांधणाऱ्याला साधते. दोन टप्प्यांमधील सांधा दोघांपैकी कोणा एकाला साधत नाही.

मात्र केवळ वरून हुकूम आला म्हणजे झाले, असेही नाही. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे 'चॅलेंजर' यान कोसळून सात जण मरण पावले. आदल्या रात्री, कडाक्याच्या थंडीत उड्डाण नको, असे अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते. 'नासा'च्या अधिकाऱ्यांनी नाराजी दर्शविली, आणि कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपल्याच अभियंत्यांचे म्हणणे बाजूस सारले. तेथे अधिकार होता. ज्याला ठाऊक होते त्याचे ऐकण्याची नम्रता नव्हती.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल शरीर सांध्यासांध्याने जोडले जाऊन वाढते, असे म्हणतो. सांध्याला स्वतःचे बळ दाखवायचे नसते. दोन हाडांना एकमेकांशी बांधून ठेवायचे असते. सामायिक कामातील अधिकार असा असावा. तो असावाच, कारण त्याच्यावाचून कोणीच उत्तरदायी राहत नाही. आणि तो सेवेचा असावा, कारण एरवी तो बहिरा होतो.

युरोपने हा धडा किंमत देऊन घेतला. १९७५ साली नवी संस्था स्थापन झाली. 'आरियान' अग्निबाणात भागीदार अनेक राहिले, पण व्यवस्थापनाची जबाबदारी फ्रान्सच्या अवकाश संस्थेकडे सोपविली गेली. २४ डिसेंबर १९७९ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, पहिलेच उड्डाण यशस्वी झाले. १९ जून १९८१ रोजी आपल्या भारताचा 'ॲपल' उपग्रहही आरियाननेच वाहून नेला. इतरांनी जे सोडले ते काम नव्हते, केवळ आपल्या भागावरील अखेरचा शब्द होता. तो सोडणे राष्ट्रांनाही जड जाते.

आपल्या धर्मग्रामातही शाळा, पतपेढी, मंडळे यांची कामे एकमेकांत गुंतलेली असतात. कामे वाटून घेताना प्रत्येक वेळी एक ओळ अधिक लिहावी: दोन कामांच्या मधल्या जागेबद्दल कोणाला विचारायचे, त्याचे नाव.