अस्त्र सुटल्यानंतर

सौप्तिकपर्वातील ती कथा आपण सर्वांनी कीर्तनांतून ऐकली आहे. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले, तेव्हा अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्याला ते साधले नाही. त्याचे अस्त्र अखेर उत्तरेच्या गर्भावर गेले. ज्या जीवाने कुरुक्षेत्र पाहिलेही नव्हते, त्याच्यावर!

१९१७ च्या जुलै महिन्यात बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने प्रथम ‘मस्टर्ड वायू’ वापरला. वासावरून त्याला मोहरीचे नाव पडले. आपल्या फोडणीतील मोहरीशी त्याचा काही संबंध नाही. अंगावर आला तरी काही तास माणसाला फारसे जाणवत नाही. मग डोळे सुजतात, कातडीवर फोड येतात, घसा भाजून निघतो. तथापि सापडलेल्यांपैकी बहुतेक जण वाचतात, आणि आमच्या मते खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

शरीरातील प्रत्येक पेशीत एकच पोथी असते. कोणत्या पेशीने तिचा कोणता अध्याय वाचावा, एवढाच फरक असतो. या वाचनास शास्त्रज्ञ जनुकांची अभिव्यक्ती म्हणतात. मस्टर्डचा रेणू या पोथीच्या पानांना चिकटतो, कोठे कोठे दोन पाने एकमेकांस जखडून टाकतो. पेशी दुरुस्ती करू पाहते. दुरुस्ती चुकली तर चूक कायमची राहते. इराणमधील बाधितांच्या श्वासमार्गांत दाह व व्रण भरणे यांच्याशी संबंधित जनुकांचे वाचन अनेक वर्षांनंतरही बदललेले आढळले आहे. जखम भरली असे आपण म्हणतो. आत मात्र ती अजून वाचली जात असते.

जपानमधील ओकुनोशिमा बेटावर १९२९ पासून १९४५ पर्यंत या वायूचा कारखाना होता. गुप्ततेसाठी बेट नकाशांतून पुसले गेले. तेथील कामगारांत पुढे फुफ्फुसाचा कर्करोग अपेक्षेहून पुष्कळच अधिक आढळला, आणि त्यांच्या गाठींत, पेशींच्या बेसुमार वाढीस आवर घालणाऱ्या पी-५३ या जनुकात बिघाड सापडले. या कामगारांत शाळकरी मुलीही होत्या. त्यांना करणाऱ्यांत मोजावे की सोसणाऱ्यांत, हे आम्हाला सांगता येत नाही.

सरदश्तविषयी मात्र आमच्या मनात संदेह नाही. इराणच्या पश्चिम सीमेवरील या कुर्द वस्तीच्या गावावर २८ जून १९८७ रोजी इराकी विमानांनी मस्टर्डचे बाँब टाकले. शंभराहून अधिक माणसे मेली, हजारो बाधित झाली. अशा एकाच वेळच्या संसर्गाने कर्करोग किती वाढतो, याविषयीचा पुरावा कारखान्यातील कामगारांइतका ठाम नाही. त्यातून एखादा रोगी तंबाखूही ओढणारा असला, तर त्याची गाठ कशाने झाली हे निश्चितपणे कोण सांगणार?

अशा वेळी आपल्याकडे एक शब्द फार लवकर ओठांवर येतो : प्रारब्ध. आम्हीही तो अनेक वेळा उच्चारला आहे. परंतु तो शब्द सोसणाऱ्याने स्वतःच्या धीरासाठी घ्यावा. पाहणाऱ्याने तो दुसऱ्याच्या आजारावर चिकटवला, की करणाऱ्याचे कर्म त्याखाली झाकले जाते. महाभारताने गर्भाचे प्रारब्ध शोधले नाही. शाप मिळाला तो अस्त्र सोडणाऱ्याला, आणि तोही तीन सहस्र वर्षांच्या भटकंतीचा.

कोणी म्हणेल, कारण सिद्ध होत नाही तर दोष कसला? आम्हास हे पटत नाही. हजारोंच्या आयुष्यात ज्याने धोका पेरला, त्याने त्या सर्वांचाच अपराध केला आहे. ज्यांना पुढे कर्करोग झालाच नाही, त्यांचाही. साधा खोकला आला तरी ज्याच्या घरचे एकमेकांकडे पाहतात, त्याचे काहीच हिरावले गेले नाही काय?

आणि सोडणारा म्हणजे केवळ वैमानिक नव्हे. फ्रान्स व्हान आन्राट या डच व्यापाऱ्याने इराकला थायोडायग्लायकॉल हे द्रव्य एक हजार टनांहून अधिक पुरवले. ते कापडाच्या रंगकामातही लागते, आणि मस्टर्ड बनवण्यासही. आपला माल कापडधंद्यासाठी आहे अशी आपली समजूत होती, असा त्याचा बचाव होता. आमच्या सभासदांत व्यापारी कुटुंबे पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकाने मालाचे पुढे काय केले हे दुकानदाराने किती विचारावे, हा प्रश्न त्यांना परका वाटणार नाही. हेगच्या न्यायालयाने तो बचाव मानला नाही. युद्धगुन्ह्यांस साहाय्य केल्याबद्दल त्याला २००५ साली दोषी ठरवण्यात आले. २००७ च्या मे महिन्यात अपिलात शिक्षा सतरा वर्षांची झाली, ती पुढे थोडी कमी करण्यात आली. अपिलाचा तो निकाल लागला तेव्हा सरदश्तच्या त्या दिवसाला वीस वर्षे होत आली होती, आणि त्या गावातील माणसे अद्याप खोकत होती.